फवारणीचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरण्या आटोपल्या की आमच्या, म्हणजे फवारणीचे वर्ग घेणाऱ्यांच्या, फोनवर प्रश्न सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. विचारणारे बहुतेक विदर्भ-मराठवाड्यातले कापूस-सोयाबीनवाले, थोडे नाशिककडचे बागायतदार, काही कृषी सेवा केंद्रवाले. तेच तेच प्रश्न येतात म्हणून ते एकत्र केले. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, त्यामुळे त्यांत ‘औषध’ हा शब्द जागोजागी दिसेल. उत्तरांत मात्र आम्ही ‘कीटकनाशक’ किंवा सरळ ‘विष’ म्हणतो, आणि ते मुद्दाम. औषध म्हटलं की हात धुवायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

१. माझ्या स्वतःच्या शेतात औषध मारायला लायसन किंवा सर्टिफिकेट लागतं का?

नाही. कीटकनाशके कायदा १९६८ च्या कलम ३८ मध्ये तशी सूटच आहे. घरगुती वापर, परसबाग आणि स्वतः कसत असलेली जमीन यांवरच्या वापराला हा कायदा लागू होत नाही. युरोपीय महासंघात व्यावसायिक वापराचं कीटकनाशक हाताळायचं तर आधी प्रशिक्षण आणि मग प्रमाणपत्र अशी सक्ती आहे. आपल्याकडे लाल त्रिकोणाची, म्हणजे अतिशय विषारी (प्रश्न ५), बाटली आणि साबणाची वडी एकाच पिशवीतून घरी येते.

प्रमाणपत्र किंवा परवाना लागतो तो दुसऱ्यांना: विकणाऱ्याला (प्रश्न १७), ड्रोन उडवणाऱ्याला आणि ठेक्याने फवारणाऱ्याला (प्रश्न १८), धान्याला धुरी देणाऱ्याला (प्रश्न १९). निर्यातीच्या बागायतदाराला कायद्याने लागत नाही, पण गिऱ्हाईक मागतं (प्रश्न २०).

२. मी वीस वर्षं फवारतोय, मला कधी काही झालं नाही. मग प्रशिक्षण कशाला?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जे गेले, त्यांतले बरेच जण असेच वर्षानुवर्षं फवारणारे होते. जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळात वीसवर माणसं दगावली आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाली. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि पाच कीटकनाशकांवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम या जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली. साठच दिवस का, तर कायद्याने राज्याला तपास होईपर्यंत सुरुवातीला तेवढाच अधिकार दिलेला आहे. कायमची बंदी फक्त केंद्र घालू शकतं.

त्या वर्षी वेगळं काय घडलं हे प्रशिक्षणात आम्ही सगळ्यात आधी सांगतो. पऱ्हाटी (कापसाची झाडं) डोक्याएवढी, काही ठिकाणी डोक्यावर वाढली होती. नेहमी कमरेखाली जाणारा फवारा त्या वर्षी माणसाने तोंडासमोर आणि डोक्याच्या वर मारला आणि तो त्याच्याच अंगावर उतरला. झाडं दाट, आत वारा नाही, वरून दमट उकाडा, त्यामुळे अंगात शर्टही नको वाटत होता. कीड हटेना म्हणून दोन-तीन विषं एकत्र केली गेली. बारीक तुषार फेकणारे पंप नवीन आले होते. यातली एकेक गोष्ट पूर्वीही होती. त्या हंगामात सगळ्या एकदम जुळून आल्या. वीस वर्षांच्या सवयीला ही बदललेली परिस्थिती ओळखता आली नाही.

३. हे प्रशिक्षण मिळतं कुठे? किती दिवसांचं असतं, पैसे किती?

तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, तालुका कृषी अधिकारी कार्यालय किंवा ‘आत्मा’ (शेतीचं तंत्रज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवणारी सरकारी यंत्रणा) यांच्याकडे विचारा. अकोला, परभणी, राहुरी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ असे वर्ग घेतात. शेतकऱ्यांसाठीचे वर्ग अर्ध्या दिवसाचे किंवा एक दिवसाचे असतात आणि बहुधा मोफत. गावातले वीस-पंचवीस जण सह्या करून अर्ज देतात तेव्हा माणसं गावात यायला तयार होतात, हा आमचा अनुभव. कुणाला विचारायचं तेच कळत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलतात.

कंपन्याही कार्यक्रम घेतात. ते उपकार नव्हेत. कीटकनाशक नियम १९७१ मधला नियम ४२ उत्पादक आणि वितरकांवर सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची जबाबदारी टाकतो. तिथे टोपी मिळते, कधी हातमोजे मिळतात आणि शेवटी कोणती बाटली घ्यायची तेही सांगतात. टोपी आणि हातमोजे अवश्य घ्या.

वर्ग घ्यायचा तो मे-जूनमध्ये. पोळ्यानंतर घेतला तर वरातीमागून घोडं. आणि वर्ग खरा की नुसता फोटोपुरता हे ओळखायची एक खूण आहे. साधं पाणी भरून पंप पाठीवर देतात का, नोझल खोलून दाखवतात का? नुसती भाषणं आणि चहा असेल तर दुसरीकडे जा.

४. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली, पाचशे रुपयांत ‘फवारणी परवाना’, घरबसल्या. घेऊ का?

नका घेऊ. शेतकऱ्याला असा परवाना लागतच नाही (प्रश्न १), तर तो देणारा कोण? खऱ्या वर्गाचं उपस्थिती प्रमाणपत्र फुकटात मिळतं.

५. बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थ काय? हिरवा म्हणजे बिनधोक ना?

लेबलावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्यामानाने कमी. लाल असेल तर वर कवटी आणि हाडांचं चित्र असतं.

हिरवा म्हणजे बिनधोक, हा घोळ सगळ्यात जास्त ऐकू येतो. हे रंग फक्त एकदम पोटात किंवा अंगावर गेल्यावर किती मात्रेला जीव जातो त्यावरून ठरतात. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय, हे त्या रंगात नसतं. आणि उलटही होतं. पॅराक्वाट या तणनाशकावर पिवळा त्रिकोण आहे, लाल नाही. पण ते पोटात गेलं तर त्यावर उतारा जगात कुठेच नाही. लाल त्रिकोणाच्या मोनोक्रोटोफॉसवर निदान अ‍ॅट्रोपीनचा उतारा चालतो. म्हणून रंग बघून थांबू नका. लेबलासोबत मराठीतली घडीपत्रिका असते, तिच्यात ‘प्रथमोपचार’ आणि ‘उतारा’ हे दोन मथळे शोधा. दुकानदाराने पत्रिका काढून ठेवली असेल तर मागून घ्या.

६. किट घातलं की उकडून जीव जातो. ऑगस्टात ते घालून कोण फवारणार?

तक्रार खरी आहे आणि ‘सवय लावा’ एवढं म्हणून ती मिटत नाही. प्लास्टिकचं पूर्ण संरक्षक किट घालून भर दुपारी फवारणारा उष्माघाताने पडेल. म्हणून आधी वेळ बदला. सकाळी दव उतरल्यावर थोडा वेळ आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर. दुपारी अकरा ते चार पंप खाली.

मग काय झाकायचं ते ठरवा. विष सगळ्यात जास्त कातडीतून शिरतं, नाकातून त्यामानाने कमी. आणि अंगाची कातडी सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन या विषावर फार पूर्वी माणसांवर मोजमाप झालं होतं. त्यात कोपराखालच्या हाताच्या मानाने कपाळाची कातडी चौपट शोषते आणि अंडकोषाची जवळपास बारापट, असं निघालं. आता पाठीवरच्या गळक्या पंपाचं पाणी कुठून कुठे ओघळतं ते आठवा: पाठ, कंबर, जांघ. शंभर रुपयांचं वायसर बदलणं हे तीन हजारांच्या सूटपेक्षा मोठं संरक्षण आहे असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

किमान सामान असं: पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, पूर्ण पँट, पंपाखाली पाठीवर प्लास्टिकचा किंवा रेक्झिनचा तुकडा, नायट्रिलचे हातमोजे, गमबूट, डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोपी. पँट बुटाच्या बाहेर ठेवायची, आत खोचली की बुटात विष साठतं. चामड्याचे किंवा कापडी हातमोजे तर घालूच नका, ते विष पिऊन दिवसभर हाताला चिकटून बसतात. एकच वस्तू परवडणार असेल तर हातमोजे घ्या, आणि ते फवारताना विसरलात तरी विष मोजताना आणि कालवताना विसरू नका. बाटलीतलं विष पंपातल्या पाण्याच्या कितीतरी पट तीव्र असतं.

बंगळुरूच्या इनस्टेम या संशोधन संस्थेने ‘किसान कवच’ नावाचा सुती सूट काढला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तो बाजारात आणला तेव्हा किंमत सुमारे ४,००० रुपये होती. कापडावर पडलेलं विष कापडच मोडून टाकतं अशी त्याची रचना आहे. गावात दोघा-चौघांनी मिळून घ्यायला हरकत नाही, फक्त प्रत्येकाने वापरल्यावर धुवायचा.

७. तोंडाला रुमाल बांधतो, कोरोनातला मास्कही आहे. चालेल?

रुमाल नाही चालत. तो ओला होतो आणि मग विषाचीच पट्टी नाकाला बांधल्यासारखं होतं. कोरोनातला पातळ मास्कही तसाच. एन-९५ तुषार अडवतो, वाफ अडवत नाही. वास उग्र येतो त्या विषांसाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो, आणि डबी किती दिवसांनी बदलायची ते तिच्यावर लिहिलेलं असतं. मास्क लावूनही वास आला तर डबी संपली.

८. हातपंप, बॅटरी पंप, पेट्रोल पंप, यात फरक काय? प्रशिक्षणात पंपावर एवढा वेळ का घालवतात?

कारण एका पंपात किती विष घालायचं ते पंपावर अवलंबून असतं. पेट्रोल पंपाचे तुषार बारीक, पाणी कमी लागतं. शेतकरी मात्र हातपंपाचंच ‘पंपाला एवढे झाकण’ हे माप धरतो. एकरी विषाची मात्रा तीच राहायला हवी, पाणी बदलतं. एकरी माप काढायचं, पंपामागे नव्हे. आणि तुषार बारीक तितका तो हवेत जास्त वेळ तरंगतो, म्हणजे नाकातोंडात जास्त.

वारा अंगावर घेऊन फवारू नका, तो बगलेला ठेवा, आणि फवारलेल्या ओळीतून पुढे चालू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. हे वाचून हसू येत असेल, पण प्रत्येक वर्गात ‘फुंकतो’ म्हणून निम्मे हात वर होतात. जुना दात घासायचा ब्रश पंपाला दोरीने बांधून ठेवा. कीटकनाशकाला पोकळ शंकूचं नोझल आणि तणनाशकाला पट्ट्याचं. शक्य असेल तर तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवा.

९. अळीचं, मावा-तुडतुड्याचं आणि टॉनिक एकाच पंपात मारलं तर मजुरी वाचते. चूक काय?

लेबलावर मिसळायला सांगितलेलं नसेल तर मिसळू नका. दोन विषं एकत्र आली की त्यांचा माणसावरचा परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होऊ शकतो. ऑरगॅनोफॉस्फेट (मोनोक्रोटोफॉस ज्यात येतं तो विषांचा गट) आणि पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिनसारख्या विषांचा गट) यांची जोडी त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. शिवाय विषबाधा झाली तर डॉक्टरला उपचार कशावर करायचा ते कळत नाही. दुकानदार ‘हे तिन्ही मिसळा’ म्हणाला तर त्याला बिलाच्या मागे तसं लिहून द्यायला सांगा. बहुतेकदा मिश्रण तिथेच रद्द होतं.

१०. मजुराकडून फवारून घेतो. त्याला प्रशिक्षण द्यायची जबाबदारी माझी का?

कलम ३८ च्या आडोशाला उभं राहून ‘माझी नाही’ म्हणता येईल. पण शेतावर विष तुम्ही आणलं, कोणतं आणलं ते तुम्हालाच माहीत, आणि लेबल वाचता येत असेल तर तेही तुम्हालाच. मजुराला बहुतेकदा कालवलेलं पाणीच हातात मिळतं. निदान बाटली दाखवा, नाव सांगा.

खरी अडचण मजुरीच्या पद्धतीत आहे. पंपामागे पैसे ठरले की माणूस जेवायला थांबत नाही, हात धुवायला थांबत नाही, गळणारा पंप दुरुस्त करायलाही थांबत नाही. दिवसाचा रोज ठरवा, पंपामागे नको. आणि एकाच माणसाला सलग आठ-दहा दिवस फवारायला लावू नका. ऑरगॅनोफॉस्फेटचा परिणाम रक्तात साठत जातो आणि भरून यायला कित्येक आठवडे लागतात. या गावात आज, त्या गावात उद्या असं फिरणाऱ्या फवारणी मजुराला शेतकऱ्यापेक्षा धोका जास्त तो यामुळेच. वर्गाला शेतमालक येतात, मजूर येत नाहीत, कारण त्या दिवसाचा रोज बुडतो. तो रोज मालकाने दिला तरच मजूर येईल.

११. आमच्या घरातल्या बाया फवारत नाहीत. त्यांना वर्गाला कशाला बोलावता?

पाणी कोण आणून देतं? काडीने ढवळतं कोण? फवारून आलेल्याचे कपडे कोण धुतं, आणि फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदायला कोण जातं? त्यांच्या हातात ना मोजे ना पायात बूट, आणि त्यांची गणना फवारणाऱ्यांत होत नाही. कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, दोनदा धुवायचे आणि उन्हात वाळवायचे. लेकराच्या कपड्यांत ते मिसळू नका. फवारलेल्या वावरात किती तास जायचं नाही ते पत्रिकेत असतं. लिहिलेलं नसेल तर निदान दुसरा पूर्ण दिवस थांबा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने ढवळण्याचंही काम करू नये.

१२. पोरगा पंधराचा आहे, अंगाने दणकट. सुट्टीत फवारणी करू दे का?

नाही. अठराच्या आतल्या कुणीच विष हाताळू नये.

१३. फवारून आल्यावर रोजच डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. उन्हाचं असेल ना?

असू शकेल. पण रोजच होत असेल तर विषाचं समजून वागा. ओळखायची एक खूण सांगतो, दवाखान्यात जाईपर्यंत उपयोगी. ऊन लागलेल्याचं तोंड कोरडं पडतं. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत उलट सगळं वाहू लागतं: लाळ, डोळे, नाक, घाम. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, पोटात कळ येते, मांडीचे किंवा पापणीचे स्नायू फडफडतात. यातलं काहीही दिसलं तर ‘झोपून बरं वाटेल’ म्हणू नका, प्रश्न १४ वाचा. पायरेथ्रॉइडने चेहऱ्याला मुंग्या येतात आणि जळजळतं, ते बहुधा एका दिवसात उतरतं.

हंगामी फवारणी मजुरांनी पावसाळ्याआधी रक्तातल्या कोलिनेस्टरेजची (ऑरगॅनोफॉस्फेटमुळे ज्याचं काम घटतं ते विकर) तपासणी करून ठेवावी. नंतर त्रास झाला तर आधीचा आकडा शेजारी ठेवून किती घसरण झाली ते कळतं. ही सोय प्रत्येक गावात नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी विचारावं लागतं.

१४. फवारताना माणूस पडला तर आधी काय करायचं?

त्याला फवारलेल्या जागेतून बाहेर काढा, वाऱ्यावर न्या. अंगावरचे सगळे कपडे काढा, लाज बाजूला ठेवून, कारण विष कपड्यातूनच आत जात राहतं. साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा. केस, नखं, बेंबी, जांघा विसरू नका. धुणाऱ्याने स्वतःच्या हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. डोळ्यात गेलं असेल तर पापणी उघडी धरून किमान पंधरा मिनिटं पाण्याची धार सोडा. घड्याळ लावून पंधरा, अंदाजाने नव्हे.

उलटी करवू नका. मिठाचं पाणी, ताक, दूध, कांद्याचा रस, निंबाचा पाला, यातलं काहीही पाजू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी फुप्फुसात जातं. त्याला कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन लावा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००-११६-११७ या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं, तुमच्या डॉक्टरलाही.

आणि बाटली सोबत घ्या. रिकामी असली तरी, निदान लेबल. डॉक्टरला ‘पांढरं होतं, वास येत होता’ एवढं सांगून भागत नाही. ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपीन आणि पीएएम हे उतारे देतात, दुसऱ्या बऱ्याच विषांवर उपचार वेगळा असतो. बाटलीचा फोटो मोबाईलमध्ये आधीच काढून ठेवायची सवय तर फारच चांगली. फवारायला सुरुवात करण्याआधी एक फोटो काढून घरच्यांना पाठवायचा.

१५. सरकारी दवाखान्यात नेलं की पोलीस केस होते म्हणतात. म्हणून आम्ही खासगीत नेतो. बरोबर?

विषबाधेची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणजे ‘एमएलसी’ म्हणून होते. खासगीतही व्हायला हवी. त्याचा अर्थ कुणावर गुन्हा दाखल झाला असा नाही. उपचार आधी, कागद नंतर. नोंदीत ‘फवारणी करताना विषबाधा’ असं स्पष्ट येतंय ना ते बघा. ते न लिहिल्यामुळे प्यायल्याचा संशय मागे राहतो, आणि पुढे अनुदान (प्रश्न १६) तिथेच अडकतं. लाजेखातर खोटं कारण सांगणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. एका घरी तर ‘साप चावला’ असं सांगितलं गेलं आणि मौल्यवान तास सापाच्या लशीत गेले.

१६. फवारणीत मृत्यू झाला तर सरकारी मदत मिळते का?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशकं हाताळताना झालेली विषबाधा धरलेली आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. वय १० ते ७५. सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला खातेदार नसलेला आणखी एक जण, एवढ्यांना ती लागू आहे. अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. आत्महत्या यात बसत नाही.

वाचताना लक्षात आलं असेल. ज्याच्या नावावर जमीन नाही तो फवारणी मजूर या योजनेत नाही. सगळ्यात जास्त पंप त्याच्याच पाठीवर असतात.

१७. माझं कृषी सेवा केंद्र आहे, शेतीची पदवी नाही. परवाना राहील का?

कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला आता शेती किंवा विज्ञान शाखेची पदवी, नाहीतर शेतीशी संबंधित किमान एक वर्षाची पदविका लागते. त्यासाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेची ‘देसी’ ही ४८ आठवड्यांची पदविका आहे. वर्ग आठवड्यातून एकदा, बहुधा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे दुकान बंद ठेवावं लागत नाही. जुन्या परवानाधारकांसाठी १२ आठवड्यांचा कीटकनाशक व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. तुमच्या परवान्याला यातलं कोणतं पुरेल ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. आणि पदविका भिंतीवर तुमची, गल्ल्यावर मात्र दहावी नापास भाचा, असं असेल तर गिऱ्हाइकाला सल्ला तो भाचाच देतो. त्यालाही वर्गाला पाठवा.

१८. ड्रोनने फवारायचं आहे, गावात भाड्यानेही देईन. काय काय लागतं?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे शेतीचा ड्रोन उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, आणि प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. पण ते उडवण्याचं, विषाचं नाही. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटाच्या बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण असतं, पाच दिवस उडवणं आणि दहा दिवस खतं-कीटकनाशकं. हे गुणोत्तर आम्हाला फार पटतं. ड्रोनला एकरी साधारण दहाच लिटर पाणी लागतं, म्हणजे टाकीतलं द्रावण हातपंपाच्या कितीतरी पट तीव्र. टाकी भरणाऱ्याच्या हातावर सांडलं तर हिशोबही तसाच.

भाड्याचं मात्र जपून. कीटकनाशक नियमांत ‘व्यावसायिक कीड नियंत्रण’ या व्याख्येत पैसे घेऊन शेतात आणि हवेतून केलेली फवारणीही येते. रोजाने जाणाऱ्या मजुराला कुणी परवाना विचारत नाही. ड्रोन किंवा ट्रॅक्टरचा ब्लोअर घेऊन ठेके धरणाऱ्याने कृषी विभागाकडे आधी चौकशी करावी.

१९. धान्यात ठेवायची गोळी दुकानात सुटी मिळते. ती कशी वापरायची?

वापरायचीच नाही. ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची. दमट हवेत तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्याला उतारा नाही. सामान्य माणसाला ती विकायला परवानगी नाही. सरकारी संस्था आणि परवानाधारक कीड नियंत्रकच ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरू शकतात. दहा-वीस गोळ्यांच्या नळीवर पूर्ण बंदी आहे. असा परवाना हवा असेल तर शेतीची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी आणि वर किमान पंधरा दिवसांचं प्रशिक्षण लागतं, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न तंत्रज्ञान संस्थेत, हापूडच्या धान्य साठवण संस्थेत किंवा हैदराबादच्या एनआयपीएचएम या वनस्पती आरोग्य संस्थेत. एवढं शिकल्यावर ज्या गोळीला हात लावायचा, ती आपण ज्या खोलीत झोपतो तिथल्या कणगीत टाकतो. धान्य कडक उन्हात वाळवा आणि कोठी हवाबंद करा.

२०. द्राक्षं युरोपला पाठवायची आहेत, निर्यातदार मजुरांची सर्टिफिकेटं मागतो. कोणती?

ग्लोबलगॅप या, परदेशी गिऱ्हाईक मागतात त्या, शेतमालाच्या प्रमाणनात विष हाताळणाऱ्या प्रत्येकाचं प्रशिक्षण झाल्याचा पुरावा लागतो. कृषी विज्ञान केंद्राच्या वर्गाचं प्रमाणपत्र, हजेरीची सही आणि विषय लिहिलेला कागद बहुधा चालतो, तरी तुमच्या प्रमाणन संस्थेला विचारून घ्या. फवारणीची नोंदवही त्याच दिवशी भरा: तारीख, विषाचं नाव, मात्रा, फवारणाऱ्याचं नाव, काढणीपूर्व कालावधी. महिनाअखेरीस एकाच पेनाने भरलेली वही तपासनीसाला लांबूनच कळते.

२१. रिकाम्या डब्यांचं काय करू? भंगारवाला घेतो.

तीनदा धुवा आणि ते पाणी पंपातच ओता. मग डब्याला भोकं पाडून चेपटा करा, म्हणजे कुणी त्यात रॉकेल किंवा पिण्याचं पाणी भरणार नाही. जाळू नका. विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा नाल्यात धुऊ नका. धुतल्या-चेपल्याशिवाय भंगारात अजिबात नाही.

२२. घरात जुनं नुवान आणि थिमेट पडलंय. संपवून टाकू का?

नाही. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस आणि थिमेट म्हणजे फोरेट, दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. मूळ डब्यातच, कुलपात ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवा. पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं असेल तर ते आजच हलवा. कोणत्या विषाला कधी बंदी आली ते बदलत राहतं, त्यामुळे घेताना पक्कं बिल घ्या. बंदीचं विष विकणारा बिल देत नाही.

२३. मी सेंद्रियवाला, दशपर्णी आणि विकतचं जैविक औषध मारतो. मला तर काहीच लागत नाही ना?

दशपर्णीत कण्हेर आणि धोतरा असतात. दोन्ही माणसाला विषारी, म्हणून हातमोजे आणि चष्मा तुम्हालाही. विकतच्या ‘जैविक’ बाटलीवर नोंदणी क्रमांक आणि घटकांची नावं नसतील, आणि तरी अळी तासाभरात पटापट पडत असेल, तर आत रासायनिक विष मिसळलेलं असण्याचा संशय घ्या. लेबल नसल्यामुळे त्याचा उतारा डॉक्टरलाही सांगता येणार नाही.